चांगूबायची माशी

"या बाई, बसा. घाई नाही."

असं म्हणून ते लेंग्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत दुमडत आणि गोठ्याच्या दारात उकिडवे बसत. तोंडात काचेची एक बारीक नळी असे. दिवेलागणीला डास उठले की त्यातला एखादा पोटरीवर उतरे. हे त्याला बसू देत, स्थिरावू देत, आणि तो सोंड टेकणार एवढ्यात नळीचं टोक त्याच्यावर धरून हलकेच श्वास आत ओढत. डास नळीत. टोकाला कापूस. "चावतात त्या सगळ्या बायका," ते मला समजावून सांगत, "नर बिचारे झाडापानांच्या रसावर जगतात. तेव्हा बाईच म्हणायला हवं."

विक्षिप्त माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. कचेरीत एक असतो, आळीत एक असतो. पण डासाला अहोजाहो करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. अलिबागेला हिवतापाच्या मोहिमेची एक लहानशी कचेरी होती. त्यात मी टंकलेखक होतो आणि ते कीटक-संग्राहक. म्हणजे गावोगाव हिंडून डास आणि डासांची पिल्लं गोळा करायची, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची जात ओळखायची आणि तक्ता भरायचा. लोक त्यांना डासमास्तर म्हणत. मी मॅट्रिकला इंग्रजीत शाळेत पहिला आलेला. त्याचा मला किती ताठा होता हे आता सांगायलाही लाज वाटते, पण पुढे जे घडलं ते त्या ताठ्यातूनच घडलं, म्हणून सांगणं भाग आहे.

त्यांच्या तोंडी एकेरी कधी आलं नाही. शिपायाला तुम्ही, पाणक्याला तुम्ही. कचेरीच्या पायरीवर एक खरजुलं कुत्रं पडलेलं असायचं, त्याला ओलांडतानासुद्धा "निजलेत" म्हणत. आमचे वरिष्ठ गावात गेले की "ए बाई, घागर उपडी कर" अशा भाषेत बोलत. हे त्याच दारात उभे राहून म्हणत, "घागर जरा दाखवता का?" मी एकदा विचारलं, "सगळ्यांना एवढा मान कशाला देता?"

"मान कसला?" ते म्हणाले. "एकेरी बोलायला ओळख लागते. माझी कुणाशी तेवढी ओळखच नाही."

खरंही होतं ते. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. खोलीत एक खाट, एक कंदील आणि खोकीच खोकी. सिगारेटची, काडेपेट्यांची, औषधांची. प्रत्येक खोक्यात टाचणीवर टोचलेले कीटक आणि त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी. कचेरीचे डास वेगळे, हे वेगळे. हे त्यांचे स्वतःचे.

आठवड्यातून दोनदा ते सायकल घेऊन धरमतरच्या खाडीकाठच्या मिठागरांकडे जात. मिठागराच्या कडेला गोडं पाणी साचतं, तिथे डास होतात, ते मोजायचे. त्यातल्याच एका मिठागरात एक आगरी बाई कामाला होती. चांगूबाय तिचं नाव. वय तिशीच्या आसपास, नवरा वारलेला, दिराच्या घरात राहायची. गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून दिवसभर फावड्याने मीठ ओढायचं. पायांची कातडी फुटून लाल झालेली. बोलणं मात्र खणखणीत.

तिनेच एक दिवस यांना अडवलं. हे वाफ्याच्या कडेवरच्या बारीक काळ्या माश्या नळीने ओढत होते. अशा माश्या तुम्ही खाडीवर पाहिल्या असतील. पाय टाकला की भुर्रकन उडतात आणि दोन हातांवर परत बसतात. त्यांच्याकडे कुणी बघत नाही. हे बघत.

"मास्तर, तुमी त्याच त्याच माश्या नेता," ती म्हणाली. "ही दुसरी हाय, ती न्या."

"कुठली दुसरी?"

"ती तिकडं. शेवटच्या वाफ्यावरची."

"त्या याच आहेत."

"न्हाय. ह्या उडतान. तिला उडाचा म्हाईतच न्हाय. ती पलते."

संध्याकाळी त्यांनी मला हे हसत सांगितलं. "बाईंना वाटलं असेल तसं," म्हणाले. पण पुढच्या खेपेला ते शेवटच्या वाफ्यापाशी गेले. तिथे पाणी उन्हाने इतकं आटलेलं असतं की मीठ धरायला लागतं, त्या पाण्यात दुसरा कुठला जीव टिकत नाही. बांधावर पालथे पडून ते तासभर पाण्याकडे बघत राहिले. मिठागरातल्या बायका म्हणाल्या, मास्तरला ऊन लागलं. ऊन लागलंही होतं, दुसऱ्या दिवशी ते अंगात ताप घेऊन कचेरीत आले. पण डोळे चमकत होते.

"पळतात हो," ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले. "पाण्यावरून पळतात. हात नेला तरी उडत नाहीत. बाईंचं बरोबर होतं."

मग कचेरी सुटल्यावर सूक्ष्मदर्शक त्यांच्या ताब्यात. अर्ध्या तिळाएवढी ती माशी. एकदा मलाही दाखवली. मला एक काळा, केसाळ गोळा दिसला, बाकी काही नाही. ते मात्र सांगत होते, नेहमीच्या माशीचं तोंड असं, हिचं पुढे फुगीर. तिच्या तोंडावर केसांची ओळ, हिच्या तोंडावर दोनच केस, एकमेकांवर आडवे. नराचा पुढचा पाय जाड. शंभर माश्या पाहिल्या आणि शंभरांत तेच.

हेडक्लार्क म्हणाले, "दोन केसांसाठी एवढा जीव टाकताय?"

"जास्त केस असते तर कुणालाही दिसले असते," हे म्हणाले.

पहिल्या हंगामात जमवलेल्या सगळ्या माश्या पावसाळ्यात मुंग्यांनी खाल्ल्या. खोकं उघडलं तर टाचण्या आणि चिठ्ठ्या तेवढ्या शिल्लक. मग त्यांनी खाटेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, खोकी खाटेवर ठेवली आणि स्वतः जमिनीवर निजू लागले. पुढच्या हंगामात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या वेळी चांगूबायने मदत केली. नळी तिला जमेना, तिने स्वतःची रीत काढली. बोट मिठाच्या पाण्यात बुडवायचं आणि माशीच्या पाठीला हलकेच लावायचं. माशी बोटाला चिकटून येई, आणि तिचा एकही पाय मोडत नसे. हे थक्क झाले. "अहो, मला वीस वर्षांत हे सुचलं नाही," असं ते कचेरीत निदान दहा जणांना सांगत सुटले.

त्याच सुमारास पहिल्या निवडणुकीच्या याद्या झाल्या होत्या. नावं लिहिणारा माणूस चांगूबायच्या घरी आला तेव्हा ती म्हणाली, माझं नाव चांगू. दीर म्हणाला, घरातल्या बाईचं नाव परक्याला कशाला? त्या माणसाने लिहून टाकलं, अमक्याची बायको. तो अमका मरून सहा वर्षं झालेली. ही गोष्ट तिने बोलता बोलता मास्तरांना सांगितली. रडून वगैरे नाही, हसतच सांगितली. "मेल्याला मत हाय, मना न्हाय," म्हणाली.

हे तिच्या घरी गेले. तिथे दाराच्या मागे आमच्याच खात्याचं कार्ड चिकटवलेलं होतं. घरात औषध फवारलं की त्याच्यावर तारीख घालायची. वर घरमालकाचं नाव. तेही त्याच मेलेल्या नवऱ्याचं, घर अजून त्याच्याच नावावर होतं, आणि अक्षर यांचं स्वतःचं. त्यांनीच ते कधीतरी, दिराला विचारून, लिहिलं होतं.

त्या कार्डाने ते फार खजील झाले. मला म्हणाले, "मी सगळ्यांना अहोजाहो करतो आणि नाव मात्र विचारत नाही. काय उपयोग?"

मिठागरात परत जाऊन त्यांनी तिला सांगितलं, "चांगूबाय, तुमचं नाव मी अशा ठिकाणी घालीन की ते कुणाला पुसता यायचं नाही."

"कुठं घालाल?"

"माशीला."

ती इतकी हसली की फावडं टाकून बांधावर बसली. बाकीच्या बायकाही हसल्या. माशीला नाव! पण हसणं ओसरल्यावर तिने विचारलं, आणि हे मी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकलंय, "लिवतील? चांगू म्हनूनच लिवतील?"

"चांगू म्हणूनच."

आता इथून पुढे माझं काम सुरू होतं, म्हणून जरा जपून सांगतो.

विलायतेतल्या एका संग्रहालयात अशा माश्या ओळखणारे एक साहेब होते. त्यांच्याकडे मास्तरांनी टपालाने बारा माश्या पाठवल्या. चार महिन्यांनी उत्तर आलं. माशी नवी आहे, कुणीही आजवर तिचं वर्णन केलेलं नाही, मी छापतो, तुम्ही सविस्तर माहिती कळवा, आणि तुमची हरकत नसेल तर तिला तुमचं नाव देतो. साहेब सज्जन होता. त्याच्यावर मला काही ढकलायचं नाही.

पत्र मी वाचून दाखवलं. माझ्या अंगावर काटा आला होता. आमच्या कचेरीतल्या माणसाचं नाव जगाच्या पुस्तकात! ते मात्र म्हणाले, "माझं नको. बाईंचं."

"अहो, पण..."

"मला दाखवली कुणी?"

दोन पानांचं मराठी त्यांनी लिहून आणलं. माशी कुठे मिळते, कुठल्या महिन्यात, पाणी किती खारं, कशी पळते, पिल्लं कशी असतात, सगळं. शेवटी लिहिलं होतं: 'ही माशी प्रथम चांगूबाय यांनी दाखवली. त्या मिठागरात काम करतात. नाव द्यायचे ते त्यांचे द्यावे.'

मी टाइपरायटरवर कागद चढवला आणि इंग्रजी करत गेलो. शेवटच्या ओळींशी आलो आणि मोठ्याने वाचलं, "शी वर्क्स इन..."

"काय म्हणालात?"

"शी. म्हणजे ती."

"शी?" त्यांचा चेहराच उतरला. "एवढ्या कष्टाच्या बाईला शी म्हणायचं? काहीतरीच!"

"इंग्रजीत तसंच म्हणतात हो. राणीलासुद्धा शीच म्हणतात."

"ते त्यांचं ते बघोत. मी 'त्या' लिहिलंय. 'त्या'ला काय म्हणतात?"

"दे. पण ते पुष्कळांना..."

"मराठीत 'त्या' पुष्कळांनाही म्हणतात आणि मान देऊन एकीलाही म्हणतात. 'दे' घाला."

इथे मी थांबायला हवं होतं. खुर्ची फिरवून त्यांना नीट समजावायला हवं होतं. मला कळत होतं. शाळेत पहिला आलेला मी, मला कळत नव्हतं असं कसं म्हणू? पण पावणेसहा झाले होते, किनाऱ्यावर मित्र वाट बघत होते, आणि मनात थोडी चेष्टाही होती. घ्या तुमचं 'दे', साहेबाला हसू देत. मी 'दे' टाइप केलं. 'त्यांचे'चं 'देअर' केलं. आणि वर माझं स्वतःचं एक शहाणपण केलं. 'चांगूबाय'मधलं 'बाय' गाळलं. साहेबाला ते काय कळणार, उगाच नाव लांबतं, असं म्हणून नुसतं 'चांगू' ठेवलं. ही बाई आहे हे सांगणारी त्या दोन पानांत जेवढी म्हणून खूण होती, तेवढी मी शोधून शोधून पुसली. कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी खाली सुरेख सही केली.

दीड वर्षाने छापील पुस्तिका आली. सहा पानं, मध्ये माशीच्या तोंडाचं आणि पायाचं चित्र. मास्तर ती दोन्ही हातांवर घेऊन माझ्याकडे आले. "वाचा," म्हणाले.

मी वाचलं. गोळा करणारा म्हणून यांचं नाव होतं, स्पेलिंगसकट बरोबर. आणि माशीच्या नावाखाली लिहिलं होतं: मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावर मीठ पिकवणारी चांगू नावाची जमात आहे, तिच्या लोकांनी ही माशी प्रथम दाखवली, म्हणून त्या जमातीच्या सन्मानार्थ हे नाव. अशी नावं लॅटिनमध्ये ठेवतात, आणि त्यात म्हणे एका बाईचं नाव असेल तर शब्दाचा शेवट एक आणि पुष्कळ माणसांचं असेल तर शेवट दुसरा. साहेबाने दुसरा लावला होता. माझ्या 'दे'वर विश्वास ठेवून त्याने एक अख्खी जमात जन्माला घातली होती.

"आलंय ना नाव?" त्यांनी विचारलं.

त्यांचा चेहरा असा झाला होता की... काय सांगू, मला धीरच झाला नाही.

"आलंय," मी म्हटलं.

"चांगू म्हणून?"

"चांगू म्हणून."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते मिठागरात गेले. सगळ्यांना बांधावर जमवून पुस्तिका उघडून दाखवली. इंग्रजी त्यांना अक्षर लावण्यापुरतंच येत होतं, त्यामुळे नावातली अक्षरं बोटाने एकेक दाखवली म्हणे. चांगूबायने हात पुसून त्या कागदाला बोट लावलं. दिरानेही पाहिलं. गावात मग तिला 'माशीबाय' म्हणून चिडवायला लागले, पण ती चिडत नसे. उलट सांगे, विलायतेत माजा नाव हाय, तुज्या बापाचा हाय का? हे सगळं ते मला येऊन हौसेने सांगत आणि मी मान खाली घालून टाइप करत राही.

असं दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत मी त्यांना कधीही सांगू शकलो असतो. रोज ठरवत होतो असं म्हणणार नाही. खरं म्हणजे हळूहळू विसरतच चाललो होतो.

मग कचेरीत एक नवे डॉक्टर आले, हुशार, वाचणारे. मास्तरांनी त्यांना कौतुकाने पुस्तिका दाखवली. डॉक्टरांनी ती उभ्याउभ्याच चाळली आणि हसत म्हणाले, "ही चांगू नावाची जमात कुठली हो? आगरी, कोळी, कातकरी माहीत आहेत. हे चांगू कोण?"

"जमात नाही साहेब. चांगूबाय. एक बाई आहेत त्या."

"इथे तर जमात लिहिलंय." आणि त्यांनी मराठी करून वाचून दाखवलं. हेडक्लार्क खो खो हसले. शिपाई हसला.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्या नजरेत त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते जवळ येऊन अगदी हळू म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"आलं त्या दिवसापासून."

"बरं," ते म्हणाले. मला शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती तरी मी सोसली असती. पण मला त्या वेळीसुद्धा त्यांनी 'तुम्हाला' म्हटलं.

साहेबाला दुसरं पत्र त्यांनी मला टाइप करू दिलं नाही. शब्दकोश घेऊन, आठ दिवस खपून, स्वतःच्या हाताने लिहिलं. खोलीवर गेलो तेव्हा कच्चा कागद पडलेला पाहिला. चारच वाक्यं होती. चांगूबाय एक आहे. चांगूबाय बाई आहे. शी इज वन. शी इज नॉट मेनी. ज्या शब्दाने त्यांचा चेहरा उतरला होता तो त्यांनी दोनदा लिहिला होता, आणि खाली रेघ मारली होती.

उत्तर आलं. साहेबाने मनापासून दिलगिरी व्यक्त केली होती. पण एकदा छापलेलं नाव आता तसंच चालणार, पुढे कुणी या माश्यांवर लिहिलं तर तळटीप देता येईल, असं त्याने कळवलं होतं. पुढे कुणी लिहिलं की नाही ते मला माहीत नाही.

"चला," एका रविवारी ते माझ्या दारात येऊन म्हणाले. "मिठागरात जायचंय. तुम्हीच सांगा त्यांना."

आठ मैल आम्ही दोन सायकलींवर गेलो. चांगूबाय वाफ्यात होती. मी बांधावर उभं राहून सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. माझी चूक आहे, मास्तरांची नाही, एवढं दोन-तीनदा म्हटलं. तिला लॅटिन कळण्याचा प्रश्न नव्हता, पण जे कळायचं ते तिला पटकन कळलं.

"म्हंजी माजा नाव न्हाय?"

"आहे, पण ते तुमच्या सगळ्या जातीचं आहे असं लिहिलंय."

तिने फावडं पाण्यात टेकलं. माझ्याकडे नाही, मास्तरांकडे पाहिलं.

"जातीचा नाव त पयल्यापासना व्हता, मास्तर," ती म्हणाली. "माजाच नव्हता."

आणि ती परत मीठ ओढायला लागली. मास्तर बांधावर तसेच उभे होते आणि मी त्यांच्यापासून दहा पावलांवर. परत निघालो तेव्हा त्यांनी सायकलवर टांग टाकली नाही, आठही मैल हातात धरून चालत आले. मीही मागून चालत आलो.

पुढल्याच वर्षी त्यांनी बदली मागून घेतली, पार दक्षिणेला, बोर्ली पंचतनला. कामावर एकदा मी तिकडे गेलो होतो. दिवेआगरच्या वाड्यांतून, पाटाच्या पाण्यात डासांची पिल्लं शोधत आम्ही दिवसभर हिंडलो. समुद्रावर आलो. ओल्या वाळूवर लहान माश्यांचे थवेच्या थवे बसलेले. मी म्हटलं, "इथल्या माश्या पाहिल्यात का हो? नव्या असतील एखाद्या."

"मला काही दिसत नाही आता," ते म्हणाले. डोळे ठणठणीत होते त्यांचे. खोलीवर खोकीही दिसली नाहीत. विचारायचा मला धीर झाला नाही.

निघताना त्यांनी मला एसटीपर्यंत पोचवलं आणि गाडी सुटता सुटता म्हणाले, "तुम्हाला लिहायची हौस आहे. माझ्यावर कधी लिहिलंत तर माझं नाव घालू नका. त्यांचं गेलं ना, मग माझं राहू नये." म्हणून तुम्हाला या लिखाणात ते सापडलं नाही. चुकून राहिलं अशी तुमची समजूत नको.

साठ सालानंतर कधीतरी ते गेले. पोटाचं दुखणं होतं, फार दिवस अंगावर काढलं म्हणे. कचेरीत तार आली. हेडक्लार्क म्हणाले, गरीब माणूस, आणि पाच मिनिटांत सगळे आपापल्या फायलींत शिरले.

मी सायकल काढली आणि मिठागरात गेलो. चांगूबाय आता वाफ्यात उतरत नव्हती, बांधावर बसून पोती शिवत होती. मला तिने लगेच ओळखलं. ओळखल्याचा आनंद काही दिसला नाही. मी सांगितलं, मास्तर गेले. तिने सुई पोत्यात खोचून ठेवली.

"कशानं?"

"पोट दुखायचं."

मग म्हणाली, "नाव काय वो त्यांचा?"

इतकी वर्षं तो माणूस येत होता. तिच्या नावासाठी त्याने स्वतःच्या नावावर पाणी सोडलं, आणि तिला ते नाव कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी तर नाहीच. लिहू नका म्हणाले होते, सांगू नका म्हणाले नव्हते. मी सांगितलं.

तिने ते म्हणून पाहिलं. चुकलं; मधलं एक अक्षर गळलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, बरोबर आलं का म्हणून.

"नाही," मी म्हटलं, "असं नाही." आणि पुन्हा सांगितलं.

पुन्हा चुकलं.

"मेल्या, कवर सांगशील?" ती वैतागून म्हणाली. "आला तेवरा आला."

मी तिच्या शेजारी बांधावर बसलो आणि एकेक अक्षर तोडून परत सांगायला लागलो.